रिसेप्शनमागचा लाल डबा

नारायणगावात पुणे-नाशिक रस्त्यालगत एक बारा खोल्यांचं लॉजिंग आहे. खाली जेवणाचा हॉल, त्यामागे भटारखाना, वर दोन मजले खोल्या. काउंटरमागच्या भिंतीवर गणपतीची तसबीर, तिच्याखाली जीएसटीचं सर्टिफिकेट, फूड लायसन आणि त्याच रांगेत एक लोखंडी लाल डबा. डब्यावर चार झोनचे दिवे आणि त्यांच्याखाली मार्कर पेनाने लिहिलेली नावं: किचन, हॉल, पहिला, दुसरा. मेनचा हिरवा दिवा पेटलेला. उजव्या अंगाला बारीक भोकांची एक जाळी आहे, बझरचा आवाज बाहेर पडायला. त्या जाळीवर खाकी चिकटपट्टी लावलेली होती आणि तिच्या कडा सुटायला लागल्या म्हणून वरून आणखी एक.

"रात्री-अपरात्री उगाच बोंबलतो हो," मॅनेजर म्हणाले. "गिऱ्हाइकं उठून खाली येतात. शिव्या आम्ही खायच्या."

संपादकांनी यंदाच्या अंकाचा विषय कळवला तो 'जाग'. बाकीची मंडळी काकड आरतीकडे आणि जागरण-गोंधळाकडे वळणार हे उघड होतं. मी जुन्नर आणि आंबेगावच्या लॉजांमध्ये हे लाल डबे बघत हिंडलो. झोपलेल्या अनोळखी माणसांना वेळेवर उठवणं एवढंच ज्याचं काम, त्याच यंत्राला गप्प करून ठेवलेलं असतं. हे का आणि कसं होतं, ते मला बघायचं होतं.

तालुकेही मुद्दाम निवडले. जुन्नरला २०१८ मध्ये राज्य सरकारने पर्यटन तालुका म्हणून जाहीर केलं. शिवनेरी, लेण्याद्री, ओझर, नाणेघाट, माळशेज ही नावं एका तालुक्यात आहेत. शेजारच्या आंबेगावातून मंचर-घोडेगावमार्गे भीमाशंकरची वाट जाते. नारायणगावच्या टोमॅटो बाजाराला हंगामात परराज्यांतले व्यापारी येऊन राहतात. आळेफाट्यावर पुणे-नाशिक आणि कल्याण-नगर हे दोन मोठे रस्ते एकमेकांना छेदतात, त्यामुळे तिथे रात्रभर कोणी ना कोणी उतरत असतं. या सगळ्यांना झोपायला जागा लागते आणि ती पुरवणारी हॉटेलं बहुतेक छोटी, घरच्यासारखी चालवलेली. शेठ स्वतः गल्ल्यावर, पुतण्या मॅनेजर, स्वयंपाकी आणि वाढपी परप्रांतातले.

दोन तारा आणि शेवटचा रेझिस्टर

हे यंत्र आतून फार साधं असतं. मोठ्या हॉटेलांत प्रत्येक डिटेक्टरला स्वतःचा पत्ता असतो. पॅनेलच्या पडद्यावर 'खोली ३०४' असं अक्षरात उमटतं. छोट्या लॉजात जुनी, स्वस्त पद्धत असते. एका मजल्यासाठी एक झोन, झोनसाठी दोन तारा. त्या तारा पॅनेलमधून निघून एका डिटेक्टरवरून दुसऱ्यावर, तिथून तिसऱ्यावर अशा जातात. शेवटच्या डिटेक्टरच्या बैठकीत एक चिमुकला रेझिस्टर बसवलेला असतो. पॅनेल त्या तारांतून सतत अगदी थोडा विद्युतप्रवाह सोडत राहतं. रेझिस्टरपर्यंत जाऊन परत आलेला प्रवाह ठरल्याएवढा असला की तार शाबूत आहे असं ते समजतं. मध्ये कुठे तार तुटली की प्रवाह थांबतो, पिवळा 'फॉल्ट'चा दिवा लागतो. एखाद्या डिटेक्टरने धूर पकडला की तो प्रवाह एकदम वाढवतो, मग लाल दिवा आणि हूटर.

या रचनेची खुबी त्या शेवटच्या रेझिस्टरमध्ये आहे आणि लबाडीही तिथेच होते. समजा दुसऱ्या मजल्यावर तार उंदराने कुरतडली. पिवळा दिवा लागला, बझर पिपाणीसारखा वाजत राहिला. वायरमनला बोलावलं. तार कुठे तुटली हे शोधायचं तर पीओपीचं छत उचकटावं लागणार, खोल्या रिकाम्या कराव्या लागणार, शनिवार-रविवार तोंडावर. मग पॅनेलच्या पोटातच, जिथून त्या झोनच्या तारा निघतात तिथे, तारा सोडवून एक रेझिस्टर जोडला जातो. पॅनेलला वाटतं, सगळं ठीक आहे. पिवळा दिवा विझतो, हिरवा राहतो. दुसऱ्या मजल्यावरचे सगळे डिटेक्टर छताला आहेत तसे आहेत, फक्त त्यांचा पॅनेलशी काडीचाही संबंध उरलेला नाही.

मंचरच्या बाजूला काम करणाऱ्या एका तरुण 'फायरवाल्या'ने, म्हणजे या यंत्रणा बसवून देणाऱ्या माणसाने, मला एका जुन्या पॅनेलचं झाकण उघडून हे दाखवलं. चारपैकी दोन झोनच्या टोकांना असे रेझिस्टर होते, तारा बाजूला गुंडाळून टेप लावलेला. हे त्याचं स्वतःचं काम नव्हतं, आधीच्या कोणाचं तरी होतं. तो हसला नाही. खिशातून टेस्टर काढून त्याने बॅटऱ्या तपासल्या. पॅनेल २४ व्होल्टवर चालतं, त्यासाठी १२ व्होल्टच्या दोन सीलबंद बॅटऱ्या एकापुढे एक जोडलेल्या असतात. वीज गेली की त्या लागतात. तीन-चार वर्षांत त्या संपतात, काही फुगतात. इथल्या दोन्ही फुगलेल्या होत्या. म्हणजे पावसाळ्यात खांबावरची फेज गेली की पॅनेलही जाणार. आग जर वायरिंगमधूनच लागली आणि मेन ट्रिप झाला, तरी हेच होणार.

धुकं, पाकोळ्या आणि फोडणी

मालकांना नुसता दोष देऊन भागत नाही. हे यंत्र खरोखरच खोटं बोंबलतं. याची कारणं मात्र शहराकडे वेगळी आणि इकडे वेगळी.

छतावरचा पांढरा, बशीएवढा गोल डिटेक्टर धूर हुंगत नाही, बघतो. त्याच्या आत एक अंधारी कोठडी असते. एका बाजूने प्रकाशाचा झोत सुटतो, पण प्रकाश टिपणारा डोळा त्या झोताच्या वाटेत नसतो, कोनात बसवलेला असतो. कोठडीत धुराचे कण शिरले की प्रकाश त्यांच्यावर आपटून विखुरतो, त्यातला थोडा डोळ्यापर्यंत पोचतो आणि इशारा जातो. आता धुराचा कण, वाफेचा थेंब आणि धूळ यांतला फरक त्या बिचाऱ्या डोळ्याला कळायचा कसा?

माळशेजच्या वरच्या अंगाला एका रिसॉर्टमध्ये याचं अस्सल स्थानिक उदाहरण भेटलं. पावसाळ्यात मुंबई-पुण्याची माणसं तिथे ढग बघायलाच येतात. येतात ती खिडक्या सताड उघडतात, ढगाला आत घेतात, त्यात उभं राहून फोटो काढतात. डिटेक्टरच्या दृष्टीने तो ढग म्हणजे धूरच. एका खोलीने मजा केली की अख्ख्या मजल्याचा हूटर वाजतो. जून-जुलैमध्ये असं आठवड्यात कितीदा तरी व्हायला लागलं, तेव्हा त्यांनी डिटेक्टरना कारखान्यातून येणाऱ्या प्लास्टिकच्या टोप्या परत घातल्या. रंगकाम करताना धूळ आत जाऊ नये म्हणून या टोप्या असतात. काम झालं की काढायच्या. तिथे त्या पावसाळाभर राहिल्या आणि पुढे हिवाळ्यातही. खाटेवर आडवं पडून वर पाहिलं तर पिवळसर टोपी स्पष्ट दिसते, पण छताकडे बघतो कोण?

खाली सपाटीला ढग नाहीत, तर किडे आहेत. पहिला पाऊस पडला की संध्याकाळी दिव्यांवर पाकोळ्या आणि वाळवीचे पंखवाले किडे तुटून पडतात, बारीक चिलटं जाळीतून आत शिरतात, मग त्यांच्या मागे कोळी येतो आणि त्या अंधाऱ्या कोठडीत घर करतो. बाथरूमचं दार उघडताच गीझरच्या पाण्याची वाफ. देवदर्शनाला आलेल्या कुटुंबाने खोलीत लावलेली उदबत्ती. आणि भटारखान्यातली मिरचीची फोडणी, जिने माणसंही खोकतात तिथे यंत्राचं काय.

यांतल्या बहुतेक गोष्टींवर उपाय आहे आणि तो महागही नाही. भटारखान्यात धुराचा डिटेक्टर लावायचाच नसतो, तिथे उष्णतेचा लावतात. तो ठरावीक तापमान ओलांडलं किंवा तापमान झपाट्याने चढलं तरच बोलतो, फोडणीला भीक घालत नाही. बाथरूमच्या दारासमोरचा डिटेक्टर चार हात लांब सरकवता येतो. कोठडी वर्षातून दोनदा उघडून ब्रशने आणि ब्लोअरने साफ करायची असते. धुक्याच्या गावात खोलीत उष्णतेचा आणि पॅसेजमध्ये, जिन्यावर धुराचा असा मेळ घालता येतो. त्याने इशारा थोडा उशिरा मिळेल हे खरं, पण टोपी घातलेल्या डिटेक्टरपेक्षा तो शंभरपट बरा. अडचण अशी की यंत्रणा बसवणारा पुण्याहून येतो, बसवतो, सर्टिफिकेट देतो आणि जातो. फोडणी, वाफ, चिलटं यांच्यासोबत राहणाऱ्याला कोणी काही शिकवत नाही. त्याच्याकडे मग एकच तंत्रज्ञान उरतं, चिकटपट्टी.

खाली भट्टी, वर झोप

या पट्ट्यातल्या लॉजांची बांधणी पाहिली की आवाजाचं महत्त्व आणखी कळतं. बहुतेक इमारती टप्प्याटप्प्याने वाढलेल्या आहेत. आधी रस्त्यावर मिसळ-वड्याचं हॉटेल, मग त्यावर चार खोल्या, मग आणखी एक मजला. जिना एकच, आणि तो उतरतो जेवणाच्या हॉलमध्ये, भटारखान्याच्या दाराशी. खाली आग लागली तर धूर वर जायला जी वाट घेईल, तीच वाट वरच्यांना खाली यायला. झोपलेल्या माणसाला धुराचा वास उठवेल या भरवशावर राहू नये. त्या धुरातला कार्बन मोनॉक्साईड तर झोप आणखी गाढ करतो. आगीत मरणाऱ्यांत बरेच जण भाजून नव्हे, धुराने जातात.

भटारखान्यात एकोणीस किलोचे व्यापारी सिलिंडर असतात. नियमाप्रमाणे ते बाहेर, जाळीच्या पिंजऱ्यात हवेत. चांगल्या हॉटेलांत असतात, बाकीच्यांत भट्टीच्या पायाशी. स्वयंपाकाचा गॅस हवेपेक्षा जड, म्हणून तो गळला की जमिनीलगत पसरतो. त्याचा डिटेक्टर जमिनीपासून हातभर उंचीवर लागतो. एका ठिकाणी तो मी छताला लावलेला पाहिला, धुराच्या डिटेक्टरशेजारी शोभेला. भट्टीवरच्या धुराड्यात तेलाचा मेणचट थर साचतो. कढईतलं तेल पेटलं की ज्वाळा त्याच थरावरून वर चढते. अशा वेळी पोऱ्या घाबरून पाणी ओततो, आणि पेटलेल्या तेलावर पाणी म्हणजे भडका. गॅस बंद करून कढईवर झाकण टाकायचं, हे सांगायला पाच मिनिटं पुरतात.

कुर्ल्याच्या 'सिटी किनारा' हॉटेलात १६ ऑक्टोबर २०१५ रोजी दुपारी लागलेल्या आगीत आठ जण गेले, त्यांत जेवायला आलेली कॉलेजची मुलं होती. दहा वर्षांनी, २०२५ मध्ये, मुंबई उच्च न्यायालयाने मृतांच्या कुटुंबीयांना प्रत्येकी ५० लाख रुपये भरपाई देण्याचा आदेश महापालिकेला दिला. रात्रीचं उदाहरण हवं तर दिल्लीच्या करोलबागचं 'अर्पित पॅलेस' आहे. १२ फेब्रुवारी २०१९ च्या पहाटे पाहुणे झोपेत असताना तिथे आग लागली आणि सतरा जण मेले. कोलकात्याच्या 'ऋतुराज' हॉटेलात २९ एप्रिल २०२५ रोजी चौदा. ही शहरं मोठी होती, बंब जवळ होते, तरीही.

जुन्नरला या सगळ्यात एक वेगळा पेच आहे, बिबट्याचा. ऊसपट्ट्यात बिबट्याचा वावर आता रोजचा आहे. माणिकडोहला त्याचं निवारा केंद्र आहे, वनविभाग संध्याकाळनंतर सावध राहायला सांगतो. म्हणून शेतातली कृषी पर्यटन केंद्रं आणि रस्त्यालगतची लॉजं रात्री दहानंतर मागचं दार कडी-कुलपात घालतात, खिडक्यांना जाड गज बसवतात. बिबट्या बाहेर राहतो, पण माणसं आत अडकतात. एका केंद्राच्या मालकीणबाईंना मी मागच्या दाराची किल्ली कुठे असते विचारलं. त्यांनी पदराला बांधलेली दाखवली. त्या झोपतात पलीकडच्या वाड्यात. आतून ढकलताच उघडणारा, बाहेरून न उघडणारा आडवा दांडा मिळतो. तो लावला तर बिबट्याही बाहेर आणि वाटही मोकळी. बाईंनी त्याचा फोटो मागवून घेतला, लावला की नाही माहीत नाही.

बंब कुठून येणार?

शहरातल्या अलार्मची दोन कामं: माणसं उठवणं आणि बंब बोलावणं. इथे दुसऱ्या कामावर विसंबता येत नाही. चाकणच्या औद्योगिक वसाहतीत अग्निशमन केंद्र आहे, पण चाकण ते मंचर सुमारे तीस किलोमीटर, आणि तिथून घाटाजवळच्या एखाद्या रिसॉर्टला पोचायचं म्हणजे पुन्हा तेवढंच किंवा जास्त. नगरपरिषदेची गाडी निघाली तरी श्रावणातल्या भीमाशंकरच्या गर्दीत किंवा शिवजयंतीच्या दिवशी शिवनेरीच्या पायथ्याशी तिला वाट मिळायला हवी. प्रत्यक्षात गावात आगीवर पहिलं पाणी पडतं ते कोणाच्या तरी ट्रॅक्टरला जोडलेल्या टँकरचं.

खबर पोचायला उशीर होणं म्हणजे काय, हे आंबेगावला कोणी शिकवायची गरज नाही. ३० जुलै २०१४ च्या पहाटे माळीणवर डोंगर कोसळला, दीडशेच्या आसपास माणसं गाडली गेली. ही बातमी बाहेर गेली ती नेहमीची फेरी घेऊन आलेल्या एसटीच्या चालकाला गाव जागेवर दिसलं नाही तेव्हा. ती आग नव्हती, पण अंतर तेच आहे आणि रस्तेही तेच.

त्यामुळे इथली पहिली पाच-दहा मिनिटं त्या इमारतीतल्या माणसांचीच असतात. त्यात शेजाऱ्यांची भर घालायची एक सोय मात्र हाताशी आहे, ग्रामसुरक्षा यंत्रणा. एका टोल फ्री क्रमांकावर फोन करून निरोप बोलला की तो गावातल्या नोंदलेल्या सगळ्या मोबाइलवर एकाच वेळी कॉल म्हणून जातो. चोर, बिबट्या, पूर, आग, काहीही. पुणे जिल्ह्यात ती पोलिसांच्या पुढाकाराने गावोगाव पोचली. विशेष म्हणजे ज्या लॉजांत मी फिरलो तिथल्या मालकांना ही यंत्रणा ठाऊक होती, बिबट्याचे कॉल त्यांना येतात. पण तो नंबर लाल डब्याशेजारी लिहून ठेवावा असं कोणाच्या मनात आलेलं नव्हतं. रात्रपाळीला असतो तो मुलगा बाहेरचा, त्याचा मोबाइल गावच्या यादीत नसतो.

जानेवारी आणि जुलै

कायदा आहे. महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम, २००६, डिसेंबर २००८ पासून लागू. त्यातली जबाबदारी मालकाची किंवा जागा चालवणाऱ्याची. यंत्रणा परवानाधारक एजन्सीकडूनच बसवायची, आणि ती चालू स्थितीत आहे असं प्रमाणपत्र वर्षातून दोनदा, जानेवारीत आणि जुलैत, द्यायचं. धंद्यात त्याला सगळे 'फॉर्म बी' म्हणतात. कोणत्या इमारतीला काय लागेल हे तिची उंची, क्षेत्रफळ, वापर यांवर ठरतं. त्यामुळे दुमजली लॉजाला काय लागू आणि काय नाही यावर एजन्सीवाले आणि मालक यांची घासाघीस चालते. ग्रामपंचायतीच्या हद्दीत त्यासाठी वेगळा अग्निशमन अधिकारी नसतो. कागद वरच्या कार्यालयात जातो.

सर्टिफिकेट देणाऱ्याने हूटर वाजवून पाहिला का, असं मी ठिकठिकाणी विचारलं. उत्तरं प्रामाणिक होती. कुठे काच फोडायच्या लाल डबीवर बोट ठेवून एकदा वाजवला, कुठे फोटो काढून नेले, कुठे माणूस आलाच नाही, पीडीएफ आली. माझं मत असं की फॉर्म बीच्या कागदाने जेवढं भलं केलं, तेवढंच नुकसानही. मालकाला वाटतं, कागद भिंतीवर आहे, म्हणजे आपण सुरक्षित. अर्धा खर्च कागदावर होतो आणि बॅटरी बदलायला पैसे उरत नाहीत.

तंबूंच्या रिसॉर्टांचं तर विचारूच नका. कापडी तंबू, आत पंखा, चार्जिंगचा बोर्ड, बाहेर शेकोटी. तिथे पॅनेल नाही, तारा नाहीत. पण बॅटरीवर चालणारे सुटे धूर-अलार्म बाजारात मिळतात, त्यांना पॅनेल लागत नाही, बॅटरी संपत आली की स्वतःच टुकटुक करतात. बारा तंबूंना असे बारा लावायला एका शनिवारची कमाई पुरते. एकाही ठिकाणी दिसले नाहीत.

रात्रपाळीचा पोऱ्या

शेवटी सगळं येऊन थांबतं काउंटरमागच्या बाकड्यावर झोपणाऱ्या मुलावर. पंचविशीच्या आतला, बहुतेक ठिकाणी बिहारचा किंवा नेपाळचा. त्याला एक आज्ञा पक्की ठाऊक असते: डबा वाजला की डावीकडचं बटण दाबायचं, म्हणजे गप्प होतो. ते बटण 'सायलेन्स'चं. दिवा कुठला लागलाय, कुठल्या मजल्यावर जायचं, दारं ठोठवायची की आधी मेन पाडायचा, यातलं काही नाही. वर इंग्रजीत लिहिलेलं, तो हिंदी वाचतो.

शिवाय हूटर असतो पॅसेजच्या टोकाला. झोपायच्या खोलीत उशीपाशी सुमारे ७५ डेसिबल आवाज पोचला पाहिजे असं भारतीय मानकात आहे. मधे बंद दार आलं की वीस-तीस डेसिबल तिथेच गळतात, वर पंखा आणि एसी. ओझरच्या वाटेवरच्या एका लॉजात मालकाने परवानगी दिली, आम्ही दुपारी रिकाम्या मजल्यावर हूटर वाजवला आणि शेवटच्या खोलीत दार लावून बसलो. ऐकू आला, लांबच्या वरातीतल्या बँडसारखा. जागा माणूस उठून बघेल. दिवसभर गाडी चालवून आलेला उठणार नाही. मालक स्वतः आत बसले होते, ते काही बोलले नाहीत. बाहेर येऊन त्यांनी फायरवाल्याला फोन लावला आणि मजल्यावर आणखी दोन हूटर लावायला सांगितले. मुलाला बोलावून चार दिव्यांखाली देवनागरीत नावं लिहून घेतली आणि त्याच्याकडूनच वाचून घेतली. ज्या सगळ्या गोष्टी पाहिल्या, त्यांत पैसे वसूल झाले असं वाटलेली ही एक.

दिवाळीच्या सुट्टीत तुमच्यापैकी अनेक जण इकडे याल. खोली ताब्यात घेतल्यावर आधी छताकडे बघा, डिटेक्टरला टोपी आहे का. त्यावरचा बारीक दिवा लुकलुकला म्हणजे सगळं चालू, असं समजू नका. दुसरा जिना कुठे, मागच्या दाराची किल्ली कोणाकडे, हे विचारा. आणि काउंटरवर, लाजू नका, एकदा वाजवून दाखवता का म्हणून सांगा. आवाज आला तर उत्तम. नाही आला तर खालच्या मजल्यावरची खोली मागा, ती नसेल तर पुढचं गाव गाठा. मंचरपासून आळेफाट्यापर्यंत लॉजांना तोटा नाही.